घरची बोली व ग्रंथाची भाषा
स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया व लिक्टेनस्टाइन या देशांवरून एक पाठ

शास्त्रपाठ : शास्ते १२:१-६, मत्तय २६:६९-७५, प्रेषितांचीं कृत्यें २:१-१३, १ करिंथ १४:६-१९.

शास्ते या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायांत यार्देनेच्या उतारापाशीं घडलेला एक भयंकर प्रसंग सांगितला आहे. पळून जाणाऱ्या एफ्राइमी लोकांस गिलादी पहारेकरी एक शब्द उच्चारावयास लावीत, आणि ज्याच्या तोंडून ‘श’ च्या ठिकाणीं ‘स’ निघे त्याचा तेथेंच वध होई. दोघेही एकाच बापाची संतति व एकाच देवाचे उपासक. परंतु जिभेच्या एका वळणावरून मनुष्य आपला कीं परका हें ठरलें. पुढें मुख्य याजकाच्या वाड्यांत पेत्रालाही लोकांनीं त्याच्या बोलण्यावरूनच गालीली म्हणून ओळखिलें. मात्र पन्नासाव्या दिवसाच्या सणीं देवानें त्याच गालीली जिभा आपल्या कार्यासाठीं निवडिल्या, व दूरदूरच्या लोकांस आपापल्या जन्मभाषेंत सुवार्ता समजली.

भाषेच्या योगानें माणसें एकमेकांजवळ येतात व तिच्याच योगानें एकमेकांस दूरही लोटतात. मंडळीनें या देणगीचा उपयोग कसा करावा, हा आजच्या पाठाचा विषय आहे. त्यासाठीं आपण युरोप खंडांतील कांहीं लहान देशांकडे पाहूं. तेथें जवळजवळ प्रत्येक मनुष्याला घरची एक व ग्रंथाची एक अशा दोन भाषा असतात, आणि उपदेश कोणत्या भाषेंत व्हावा हा प्रश्न तेथील मंडळींपुढें पांचशें वर्षें उभा आहे.

१. देश व लोक

जर्मन भाषा म्हटली म्हणजे आपणांस प्रथम जर्मनी देश आठवतो. परंतु ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडचा मोठा भाग, आणि त्या दोहोंमध्यें वसलेलें लिक्टेनस्टाइन नांवाचें चिमुकलें संस्थान, येथेंही तीच भाषा चालते. ऑस्ट्रिया व स्वित्झर्लंड यांची लोकसंख्या प्रत्येकीं सुमारें ९० लक्ष आहे. लिक्टेनस्टाइनचें क्षेत्रफळ अवघें १६० चौरस किलोमीटर व वस्ती ४०,००० च्या आसपास. एवढ्या लहान संस्थानांतही ट्रीझनबर्ग नांवाच्या डोंगरी गांवची बोली खालच्या सपाटीवरील गांवांहून निराळी आहे, कारण त्या गांवच्या लोकांचे पूर्वज सुमारें सातशें वर्षांपूर्वीं स्वित्झर्लंडच्या वालिस प्रांतांतून येऊन तेथें वसले.

स्वित्झर्लंडमध्यें २६ प्रांत आहेत. त्यांस तेथें ‘कँटन’ म्हणतात. देशांतील शेंकडा सुमारें ६२ लोकांची मुख्य भाषा जर्मन, २३ लोकांची फ्रेंच व ८ लोकांची इटालियन आहे. यांखेरीज डोंगराळ ग्राउब्युंडन प्रांतांत रोमान्श नांवाची एक जुनी भाषा आहे. ती बोलणारे शेंकडा अर्धा टक्काच आहेत.

२. बोली म्हणजे बिघडलेली भाषा नव्हे

जर्मन बोलणारा स्विस मनुष्य घरीं, शेतांत व बाजारांत आपल्या प्रांताची बोली बोलतो. बर्नची बोली एक, बासलची दुसरी, झुरिकची तिसरी. वालिसच्या खोऱ्यांतील बोली तर झुरिकच्या माणसालाही सहज कळत नाहीं. वर्तमानपत्र, कायदा, शाळेचें पुस्तक व पवित्र शास्त्र मात्र लेखी जर्मन भाषेंत असतें, आणि ती भाषा मूल मुख्यतः शाळेंत शिकतें.

कोणी म्हणेल कीं, ही बोली म्हणजे अडाणी लोकांनीं बिघडविलेली जर्मन भाषा असेल. वस्तुस्थिति तशी नाहीं. लेखी जर्मनमध्यें घराला ‘हाउस’ म्हणतात, तर स्विस बोलींत ‘हूस’ म्हणतात. वेळेला लेखी भाषेंत ‘त्साइट’, तर बोलींत ‘त्सीट’. पूर्वीं जर्मन भाषेंतही हे स्वर असेच दीर्घ होते. मागाहून पुष्कळ भागांत ते बदलले व तो बदल लेखी भाषेंत कायम झाला. डोंगरांतील लोकांनीं मात्र जुना उच्चार जपून ठेविला. म्हणजे ज्याला आपण अशुद्ध म्हणावयास धजतों, तेंच पुष्कळदां अधिक प्राचीन असतें.

आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. स्वित्झर्लंडांत बोली ही गरिबीची किंवा अशिक्षितपणाची खूण मानीत नाहींत. वैद्य, वकील, पेढीवाला, प्राध्यापक व गवळी हे सर्व आपापसांत बोलीच बोलतात. एखाद्याच्या बोलण्यावरून तो कोणत्या खोऱ्याचा हें कळतें. तो श्रेष्ठ कीं कनिष्ठ हें कळत नाहीं. इ. स. १९३३ पासून १९४५ पर्यंत जर्मनींत हिटलरचा अंमल होता, व एक भाषा बोलणाऱ्या सर्वांनीं एका सत्तेखालीं यावें असा डांगोरा पिटला जात होता. त्या काळीं स्विस लोकांनीं आपल्या बोलीला अधिकच घट्ट धरिलें. कारण आपण जर्मन बोलतों तरी हिटलरचे नव्हें, हें त्यांना तिच्या योगानें सांगतां येत असे.

तथापि या प्रेमालाही एक धोका आहे. फ्रेंच बोलणारीं स्विस मुलें शाळेंत कष्टानें लेखी जर्मन शिकतात, आणि झुरिकला गेल्यावर पाहतात तों रस्त्यावर कोणीच ती बोलत नाहीं! इ. स. २०११ मध्यें झुरिक प्रांताच्या मतदारांनीं बालवर्गांतील शिक्षण मुख्यतः बोलींतूनच व्हावें असा कौल दिला. लहान मुलांच्या दृष्टीनें त्यांत हित असेल. परंतु जें अंगण आपल्या मुलांसाठीं राखिलें, त्याचें कुंपण शेजाऱ्याला आड येऊं नये, ही काळजी तेथील विचारी लोकांना आजही वाटते.

३. झुरिकचें पवित्र शास्त्र

हुल्द्रिख झ्विंगली हा इ. स. १४८४ मध्यें टोगेनबर्गच्या डोंगरांतील विल्डहाउस गांवीं जन्मला. १५१९ च्या जानेवारीच्या पहिल्या तारखेस त्यानें झुरिकच्या मोठ्या मंदिरांत मत्तयाच्या शुभवर्तमानावर ओळीनें उपदेश करण्यास आरंभ केला. १५२५ च्या जूनमध्यें त्यानें तेथें एक शास्त्रवर्ग सुरू केला. त्या वर्गांत जुन्या कराराचा उतारा प्रथम लॅटिन भाषेंत, मग इब्री भाषेंत व मग ग्रीक भाषांतरांतून वाचून पंडित त्याचा विचार करीत. आणि शेवटीं त्याच उताऱ्यावर सामान्य लोकांसाठीं जर्मन भाषेंत उपदेश होई. तीन प्राचीन भाषांचें ज्ञान एका चौथ्या, घरगुती भाषेच्या पायांशीं आणून ठेवावयाचें, असा त्या वर्गाचा क्रम होता. पाळकानें अभ्यास पुष्कळ करावा, परंतु मंडळीपुढें अभ्यासाचें ओझें न मांडतां त्याचें फळ मांडावें, हें आपणां पाळकांस त्यावरून शिकण्याजोगें आहे.

या श्रमांतून १५३१ मध्यें क्रिस्टोफ फ्रोशाउअर याच्या छापखान्यांत संपूर्ण पवित्र शास्त्र छापून निघालें. लूथरचें संपूर्ण पवित्र शास्त्र १५३४ मध्यें, म्हणजे त्यानंतर तीन वर्षांनीं प्रसिद्ध झालें. झुरिकच्या भाषांतरकारांनीं नव्या कराराचा व जुन्या कराराच्या पुष्कळ भागाचा लूथरचा तर्जुमा घेऊन तो आपल्या लोकांना कळेल अशा भाषेंत उतरविला होता, आणि संदेष्ट्यांचीं पुस्तकें स्वतः भाषांतरिलीं होतीं. झ्विंगलीची डोंगरी जर्मन लूथरच्या कानाला खडबडीत लागे. पण झुरिकच्या बाजारांतील माणसाला ती आपल्या घरची वाटे.

पुढें काय झालें? जसजशीं वर्षें लोटलीं तसतसें झुरिकचें पवित्र शास्त्र नवनव्या आवृत्तींत सर्वसाधारण लेखी जर्मनकडे झुकत गेलें. त्यामुळें स्विस मनुष्याला इतर जर्मन मंडळींचीं पुस्तकें वाचतां आलीं व त्यांचीं गीतें गातां आलीं. हा मोठा लाभ होता. पण त्याबरोबर शास्त्राची भाषा व चुलीपुढची भाषा यांत अंतर पडलें. तें अंतर भरून काढण्याचा यत्न आपल्या काळांत झाला आहे : १९८४ मध्यें बर्नच्या बोलींत व १९९७ मध्यें झुरिकच्या बोलींत नवा करार प्रसिद्ध झाला. लेखी भाषेंतील झुरिक शास्त्रही २००७ मध्यें नव्यानें भाषांतरित होऊन निघालें. एकानें दुसऱ्याची जागा हिरावून घेतली नाहीं.

४. जमिनीखालीं लपविलेलें पुस्तक

येथवर बोलीची थोरवी सांगितली. आतां ग्रंथाच्या भाषेनें काय केलें तें ऑस्ट्रियाच्या इतिहासांत पाहूं.

सोळाव्या शतकांत ऑस्ट्रियांतील पुष्कळ लोक प्रॉटेस्टंट झाले होते. नंतर राज्यकर्त्यांनीं तो पंथ बंद केला. पाळक हांकलून दिले, मंदिरें काढून घेतलीं, पुस्तकें जाळलीं. तरी अल्प्स पर्वतांतील शेतकरी व खाणींतील मजूर गुप्तपणें आपला विश्वास राखून राहिले. लूथरचें पवित्र शास्त्र व उपदेशांचीं पुस्तकें ते गोठ्यांत, तक्तपोशीखालीं, भिंतींच्या पोकळींत लपवून ठेवीत, आणि रात्रीं दारें लावून घरचा कर्ता पुरुष मुलांलेकरांस वाचून दाखवी. या लोकांची बोली लूथरच्या भाषेहून फार निराळी होती. पाळक नव्हता, शाळा बहुधा नव्हती. परंतु वाचतां येत होतें, म्हणून मंडळी जिवंत राहिली.

योसेफ शाइटबेर्गर हा मिठाच्या खाणींतला मजूर होता. १६८६ मध्यें विश्वासासाठीं त्याला साल्झबर्गच्या मुलुखांतून हद्दपार करण्यांत आलें. न्युर्नबर्ग शहरीं मजुरी करीत त्यानें आपल्या मागें राहिलेल्या भाऊबंदांस बोधपर पत्रें लिहिलीं, तीं छापलीं गेलीं व चोरवाटांनीं डोंगरांतील घराघरांत पोंचलीं. पुढें १७३१ च्या आक्टोबरच्या ३१ व्या तारखेस साल्झबर्गच्या आर्चबिशपानें प्रॉटेस्टंट लोकांस देश सोडण्याचा हुकूम काढिला. ज्यांना जमीनजुमला नव्हता त्यांना आठ दिवसांची मुदत मिळाली, व हिंवाळा तोंडावर होता. सुमारें २०,००० माणसें घरेंदारें सोडून निघालीं; त्यांतील बहुतेकांस प्रशियाच्या राजानें आपल्या पूर्वेकडील प्रांतांत वसविलें.

अखेर १७८१ मध्यें सम्राट दुसरा योसेफ यानें सहिष्णुतेचें फर्मान काढिलें. जेथें शंभर कुटुंबें किंवा पांचशें माणसें असतील तेथें प्रार्थनागृह बांधण्याची मोकळीक मिळाली. पण त्याला मनोरा नसावा, घंटा नसावी, व रस्त्याच्या बाजूनें दार नसावें, अशी अट होती. पूर्ण बरोबरीचे हक्क १८६१ मध्यें मिळाले. फर्मान निघतांच डोंगरांतून हजारों माणसें पुढें येऊन आपला विश्वास पत्करूं लागलीं. पिढ्यान् पिढ्या ज्या घरांत पाळक गेला नव्हता, तेथें ग्रंथानें पाळकाचें काम केलें होतें.

म्हणून कोणी ‘बोली पुरे, वाचनाची काय गरज?’ असें म्हणेल, तर त्याला या लोकांची आठवण द्यावी.

५. खेड्यांतील एक पाळक

बर्न प्रांताच्या एमेन्टाल खोऱ्यांत ल्युत्सेलफ्ल्यू नांवाचें गांव आहे. तेथें आल्बर्ट बित्सिउस (१७९७-१८५४) हे पाळक होते. त्यांनीं येरेमियास गोटहेल्फ या नांवानें शेतकऱ्यांच्या जीवनावर मोठमोठ्या कथा लिहिल्या, आणि लेखी जर्मनमध्यें बर्नच्या बोलीचे शब्द व वाक्यें मोकळेपणानें मिसळलीं. दारूबाजी, शाळेविषयींची अनास्था, धनवान शेतकऱ्याचा गर्व, हीं सर्व त्यांनीं त्या लोकांच्याच शब्दांत त्यांच्यापुढें मांडलीं.

त्यांच्या पहिल्या कथेंतील नायकाचें नांवच येरेमियास गोटहेल्फ आहे. तो एक पोरका मुलगा असून परक्याच्या शेतावर राबण्यासाठीं ठेविलेला असतो. अशा मुलांची तेथें मोठी संख्या होती. अनाथ किंवा दरिद्री घरचीं मुलें गांवाकडून शेतकऱ्यांच्या हवालीं होत. कित्येक ठिकाणीं तर लिलांव होई, व जो गांवापासून सर्वांत कमी पोटगी मागे त्याला मूल मिळे. पाळक बित्सिउस यांनीं या रीतीविरुद्ध लेखणी चालविली व गरीब मुलांसाठीं शिक्षणगृह स्थापण्याच्या कामांत पुढाकार घेतला. तरी मुलांस राबविण्याची चाल विसाव्या शतकांतही पुष्कळ वर्षें राहिली. १९८१ पूर्वीं ज्यांना अशा रीतीनें घरांतून काढून राबविलें गेलें, त्यांची स्विस सरकारनें २०१३ मध्यें जाहीर क्षमा मागितली व २०१७ पासून लागू झालेल्या कायद्यानें त्यांस भरपाई दिली.

हें येथें सांगण्याचें कारण असें कीं, परदेशाचें चित्र आपण नेहमीं उजळच काढूं नये. ज्या देशांत प्रत्येकाच्या बोलीला मान होता, त्याच देशांत गरिबाच्या मुलाच्या बोलण्याकडे शतकानुशतकें कोणी लक्ष दिलें नाहीं. बोलीचा मान व बोलणाऱ्याचा मान या दोन गोष्टी आहेत. पहिली असली म्हणजे दुसरी आपोआप येते असें नाहीं.

६. एक राष्ट्र, अनेक जिभा

स्विस लोकांचें ऐक्य स्वस्तांत आलेलें नाहीं. १५२७ मध्यें झुरिकच्या सभेनें प्रौढांचा पुन्हां बाप्तिस्मा करणाऱ्या फेलिक्स मान्झ याला लिमाट नदींत बुडवून मारिलें. तो पूर्वीं झ्विंगलीच्या बरोबर शास्त्र शिकलेला होता. (झुरिकच्या मंडळीनें २००४ मध्यें या पातकाबद्दल जाहीर खेद व्यक्त केला, व नदीकांठीं स्मारकशिला बसविण्यांत आली.) १५२९ मध्यें काप्पेल येथें प्रॉटेस्टंट व कॅथलिक सैन्यें समोरासमोर आलीं. तेव्हां तह होऊन युद्ध टळलें. आणि बुलिंगरच्या बखरींत अशी गोष्ट आहे कीं, तडजोड चालू असतां एका बाजूच्या शिपायांनीं दूध व दुसऱ्या बाजूच्यांनीं भाकर आणून सीमेवर एकाच भांड्यांतून खाल्ली. परंतु दोनच वर्षांनीं त्याच काप्पेलला लढाई जुंपली, व १५३१ च्या आक्टोबरच्या ११ व्या तारखेस झ्विंगली तींत पडला. एका भांड्यांत जेवल्यानें मनें एक होतात असें नाहीं. तें ऐक्य पुढें टिकवावें लागतें.

तें टिकविण्याचे मार्ग स्विस लोक हळूहळू शिकले. १५९७ मध्यें अप्पेन्झेल प्रांत धर्मभेदावरून दुभंगला, तेव्हां रक्तपात न करितां त्याचे दोन अर्धे प्रांत केले. १८४७ मध्यें शेवटचें घरगुती युद्ध झालें; सेनापति द्युफूर यानें शत्रूकडील जखमींस व कैद्यांस दयेनें वागविण्याचा सैन्यास हुकूम दिला, आणि महिन्याच्या आंत, सुमारें शंभर माणसें पडून, तें आटोपलें. लगेच १८४८ ची राज्यघटना झाली. तिनें जर्मन, फ्रेंच व इटालियन या तिन्ही भाषा राष्ट्राच्या म्हणून मानिल्या. बहुसंख्य जर्मनभाषी असतांही त्यांनीं आपली भाषा इतरांवर लादली नाहीं. १९३८ मध्यें मतदारांनीं प्रचंड बहुमतानें मूठभर लोकांच्या रोमान्श भाषेलाही चौथी राष्ट्रभाषा ठरविलें. याच रोमान्शमध्यें जाखियाम बिफ्रून यानें १५६० मध्यें नवा करार छापिला होता. ज्या भाषेला राजदरबार नव्हता तिला शुभवर्तमानानें लेखी रूप बळकट करून दिलें.

७. आपल्या मंडळींकरितां

या देशांशीं आपला संबंध अगदींच दूरचा नाहीं. कोंकणांत व इतरत्र ज्यांच्या घरांवर मंगळुरी कौलें आहेत त्यांनीं वर पाहावें. १८१५ मध्यें स्वित्झर्लंडच्या बासल शहरीं स्थापन झालेल्या मिशनचे सेवक १८३४ मध्यें मंगळुरास आले, आणि १८६५ मध्यें त्यांनीं तेथें कौलांचा कारखाना काढिला. त्या मिशनरींनीं केवळ कानडीसारख्या ग्रंथसंपन्न भाषेचीच सेवा केली असें नाहीं. तुळू ही मुख्यतः बोलण्यांतील भाषा, तिच्यांतही त्यांनीं १८४७ मध्यें नवा करार छापून दिला. बासलचे कित्येक सेवक स्वतः घरीं एक बोली व मंदिरांत दुसरी भाषा ऐकत वाढलेले होते.

आपल्याकडेही खानदेशांत अहिराणी, विदर्भांत वऱ्हाडी, तळकोंकणांत मालवणी अशा बोली आहेत. पंडिता रमाबाईंनीं सामान्य स्त्रियांस कळावें म्हणून सोप्या मराठींत संपूर्ण पवित्र शास्त्राचें भाषांतर केलें, व तें त्यांच्या पश्चात् १९२४ मध्यें प्रसिद्ध झालें. तरी आजही प्रार्थनासभेंत कित्येक वृद्ध भगिनी मोठ्यानें प्रार्थना करीत नाहींत. विचारिलें तर म्हणतात, ‘आमची भाषा सुधी नाहीं, लोक हंसतील.’ तरुण मंडळी खरोखरच हंसते. हें हसें म्हणजे यार्देनेच्या उतारावरील तोच पहारा आहे. तेथें वध होत असे. येथें एका विश्वासणाऱ्या स्त्रीची प्रार्थना मंडळीच्या कानीं पडण्यापूर्वींच दाबली जाते, व मंडळी तेवढी दरिद्री होते.

दुसऱ्या बाजूनें, बोलीचें प्रेम म्हणून मुलांस वाचन न शिकविणें हाही अन्याय आहे. ऑस्ट्रियाच्या डोंगरांतील शेतकऱ्यांचा विश्वास वाचनावर तगला. ज्या घरांत पवित्र शास्त्र आहे पण उघडलें जात नाहीं, तेथें तें लपविलेलेंच आहे. आणि तें बाहेर काढण्यास कोणा सम्राटाच्या फर्मानाची गरज नाहीं.

म्हणून पाळकांनीं व वडिलांनीं दोन्ही हात वापरावे. शास्त्र ग्रंथाच्या भाषेंत वाचावें, त्याचा अर्थ गांवच्या शब्दांत सांगावा, आणि प्रार्थनेंत प्रत्येकाला त्याच्या जिभेची मोकळीक असावी. पौलानें करिंथच्या मंडळीस हीच कसोटी लावून दिली आहे : ऐकणाऱ्याची उन्नति होते कीं नाहीं, एवढेंच पाहावें.

विचारासाठीं प्रश्न

१. आपल्या मंडळींत बोलण्याच्या पद्धतीवरून कोणाचा उपहास होतो काय? तो थांबविण्याची जबाबदारी कोणाची?
२. झुरिकच्या शास्त्रवर्गाचा क्रम आपल्या गांवच्या अभ्यासवर्गांत कोणत्या रूपानें आणतां येईल?
३. पाळक वर्षभर न आला तर आपल्या घरांतील उपासना चालू राहील काय? ती कोण चालवील?
४. गोटहेल्फच्या काळांतील राबणाऱ्या मुलांप्रमाणें आपल्या गांवांत कोणाचें बोलणें कोणीच ऐकून घेत नाहीं? या आठवड्यांत त्याच्याकडे कोण जाईल?